तिसाव्याच्या दिवशी सिराकुसा

शनिवार, २९ नोव्हेंबर १९८६

प्रिय असुंता,

तू, मिकेले आणि मुलं खुशाल असाल. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात आता ऊन तापायला लागलं असेल. इकडे थंडी पडली आहे आणि स्वयंपाकघराचं छत नेमकं चुलीवरच गळतंय. ऑलिव्हची तोडणी आटोपली. तेल यंदा बरं निघालं, पण माझ्या कोर्रादोची कंबर जी धरली ती अजून सुटली नाही. घरभर विव्हळत फिरतो आणि कुणी बघत नसलं की ताठ चालतो. तुझं पार्सल पोचलं. स्वेटर आईच्या अंगाला अगदी बरोबर बसतो. लाल आहे, म्हणून सध्या कपाटात ठेवलाय. का, ते पुढे येईलच.

खरं सांगू? हे पत्र लिहायचं माझ्या जिवावर आलंय. तुझ्यावर राग आहे म्हणून नाही. राग धरायलाही अंगात बळ लागतं आणि ते सध्या माझ्याकडे नाही. मागच्या दोन्ही रविवारी तुझे फोन आले तेव्हाच बोलायला हवं होतं, पण फोन आईच्या हातात असतो आणि मी तिच्या शेजारी उभी असते. तेव्हा लिहूनच सांगते.

आईला मी सिराकुसा दाखवून आणली. तिथून सुरुवात करते.

तेरा तारखेचा गुरुवार. सकाळी कोर्रादो पाव आणायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. आई आत केस विंचरत होती. मला अंगणात ओढत नेऊन म्हणाला, "सांतिना, गावभर लावलेत."

"काय लावलेत?"

"इआनोचे कागद. काळ्या चौकटीचे. पावाच्या दुकानासमोर, चर्चच्या दारावर, आपल्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा. फोटो आहे. आज तिसावा दिवस, संध्याकाळी सहाला चर्चमध्ये मिस्सा, सगळं छापलंय."

आईला अजून पोरगा गेल्याचा पत्ता नाही, आणि हे कागद! पाद्रीबाबांना आपण सांगून ठेवलं होतं की तिसाव्याच्या मिस्सेत नाव हळूच घ्या. अख्ख्या गावाने महिनाभर तोंड बंद ठेवलं होतं. आपल्या गावाने, असुंता! जिथे कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली तरी चौकात आधी कळतं. पण इआनो लहानपणापासून संत सेबास्तियानोच्या मंडळात, आणि मंडळ आपल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचे कागद न सांगता छापतं. चिटणिसाला गप्प राहायला सांगायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्या बिचाऱ्याने आपलं काम केलं. फोटोही छान निवडला होता, मिरवणुकीत खांद्यावर संताची पालखी घेतलेला.

आई रोज आठच्या मिस्सेला जाते आणि वाटेतला एकेक कागद वाचते, हे तुला माहीत आहे. बोट ठेवून, वय बघून, मागे कोण कोण राहिलंय ते बघून. मेलेला ओळखीचा नसला तरी त्याच्यासाठी दोन शब्द पुटपुटल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"तू तिला गावाबाहेर काढ," कोर्रादो म्हणाला. "मी मंडळात जाऊन पाय धरतो आणि कागद उतरवतो."

"मेलेल्याचा कागद फाडणार? तेही त्याच्या तिसाव्याला?"

"मग तू सांग काय करू!"

मी आत गेले आणि म्हटलं, "मा, आज सिराकुसा बघून येऊ या का?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू चंद्रावर जाऊ या म्हटलं. "मध्येच? आज काय आहे?"

"काही नाही. तोडणीने जीव मेटाकुटीला आलाय. एक दिवस मला समुद्र बघायचाय."

ती इतकी खूश झाली, असुंता. जन्म गेला सिराकुसापासून दीड तासावर, आणि त्या शहरातलं काय पाहिलं तिने? इस्पितळ आणि कचेरी. फुलांचा निळा रुमाल काढला, चांगले बूट काढले, मी ऑम्लेट भरलेला पाव कागदात बांधेपर्यंत ती दारात तयार. मी तिला मागच्या गल्लीने बसवर नेली. म्हटलं, इकडून चढ कमी आहे. बसमध्ये तिला गावातल्या भिंती दिसतील त्या बाजूला बसू दिलं नाही. म्हटलं, तिकडून वारा लागतो. एका महिन्यात मी इतकं खोटं बोलले आहे की आता खरं बोलताना अडखळते.

म्हणून पुन्हा एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सगळं सांतिनाने केलं. आईला कळू द्यायचं नाही, हे तुझं म्हणणं. डॉक्टर तिच्या हृदयाबद्दल जे बोलले ते ऐकून मीही हो म्हटलं, ते नाकारत नाही. इआनोला त्याच्या बायकोने जेनोव्हातच पुरलं, कोर्रादो माती देऊन आला आणि आईला सांगितलं की ट्रॅक्टरचा भाग आणायला कातानियाला गेलो होतो. मग तू फोनवर सुरू केलंस की इआनोला तुमच्या बाजूच्या जहाजावर स्वयंपाक्याचं काम मिळालंय, इकडे फोन महाग पडतो म्हणून तो तुलाच करतो. "नाताळला मी येते, मग दोघी मिळून सांगू," म्हणालीस. तुला ते लांबून सोपं गेलं असेल. इथे जेवताना आई रोज विचारायची, इतक्या लांब त्याला आपल्यासारखा पाव मिळत असेल का गं? आणि मी घास गिळून म्हणायची, मिळत असेल. भावासाठी एकदा मोकळेपणी रडता आलं नाही मला. भांडी घासताना नळ मोठा सोडायचा, तेवढीच काय ती संधी.

असो. सिराकुसाला ऊन छान पडलं होतं. आधी आम्ही ग्रीकांचं ते उघडं नाटकघर पाहिलं. आई अर्ध्या पायऱ्या चढली आणि दगडावर बसून म्हणाली, "एवढे लोक दगडावर बसून नाटक बघायचे? पाठीचं काय होत असेल त्यांच्या? तुझा कोर्रादो तर पहिल्या अंकातच ओरडला असता." मग गोड्या पाण्याच्या झऱ्यावर गेलो, तिथे समुद्राच्या अगदी कडेला बदकं पोहत होती. आईने आपला अर्धा पाव बदकांना घातला. एका लंगड्या बदकाला मिळेना म्हणून बाकीच्यांना शिव्या घातल्या. शेजारी एक जर्मन जोडपं उभं होतं. त्या बाईला आई इतकी आवडली की तिने खुणेने विचारून तिचा फोटो काढला. कठड्याला टेकून, निळा रुमाल बांधलेली, दात नसलेलं तोंड भरून हसणारी. मी बाजूला उभी राहून बघत होते, आणि गावात आत्ता कोर्रादो कुठल्या भिंतीपाशी असेल याचा विचार करत होते.

खरं तर मला तिथेच झोपावंसं वाटत होतं. त्या कठड्याखाली, बदकांच्या शेजारी.

दुपारी कॅथेड्रलकडे निघालो. बोळातून जाताना मी विसरलेच, की भिंती सिराकुसालाही आहेत. आई थांबली. चष्मा काढला, लावला. काळ्या चौकटीचा कागद. चाळिशीच्या आतला माणूस, नाव मला आठवत नाही. तोही तिसाव्याचा.

"आई आहे मागे," ती बोट फिरवत म्हणाली. "हे बघ, पहिलं नाव तिचंच. बरं झालं. निदान तिसावा तरी नीट करतेय लेकाचा. आपल्या इआनोएवढाच गं हा. चल, त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावते. अनोळखी का असेना, कुणाचं तरी पोरच ना!"

मी तिच्या मागून गेले. आत अंधार होता, आणि भिंतीत ते जुन्या ग्रीक देवळाचे दगडी खांब. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मृतात्म्यांच्या वेदीपाशी जाऊन तिने त्या परक्या माणसासाठी मेणबत्ती लावली, क्रूस केला. आणि मला एकदम दिसलं की गावात सहा वाजता आपल्या भावाची मिस्सा होणार, त्याच्यासाठी सगळं गाव येणार, आणि त्याची आई इथे दुसऱ्याच्या पोरासाठी ओठ हलवतेय. तुझं, माझं, डॉक्टरचं, सगळ्यांचं म्हणणं त्या क्षणी मला चोरीसारखं वाटलं.

"मा," मी म्हटलं, "आणखी एक लाव."

"कुणासाठी?"

"इआनोसाठी."

ती माझ्यावरच हसली. "वेडी आहेस का? जिवंतांची मेणबत्ती इथे नसते लावत, पोरी. ती तिकडे, मादोन्नामाउलीपुढे. चल."

"नाही, मा. इथेच."

बस, एवढंच बोलले मी. महिनाभर मी मनात शंभर प्रकारे सांगून पाहिलं होतं, त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

ती ओरडली नाही, पडली नाही. डॉक्टरने सांगितलेलं काहीच झालं नाही. दुसरी मेणबत्ती उचलली. मग म्हणाली, "कधी?" मी तारीख सांगितली. तिने बोटांवर मोजलं, थांबली, पुन्हा मोजलं.

"म्हणजे तिसावा आज आहे."

"हो."

"म्हणून मला इकडे आणलंस."

मी मान हलवली. तिने मेणबत्ती लावली. मी हात धरायला गेले, तर झटकला. "मिस्सा कितीला आहे?"

"सहाला."

"मग उभी काय राहिलीस? बस चुकेल."

परतीच्या बसमध्ये तिने निळा रुमाल काढून मुठीत दाबून धरला. मी माझी काळी शाल दिली, ती डोक्यावरून घेतली. फ्लोरिदिया गाव आलं. मग विचारायला लागली.

"गावात सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"पाववालीला?"

"हो, मा."

"म्हणून महिनाभर मला जास्तीचा पाव घालत होती. मला वाटलं, म्हातारपणी तिचा माझ्यावर जीव जडला." थोड्या वेळाने पुन्हा, "मृतात्म्यांच्या दिवशी मी स्मशानात गेले. तुझ्या बापासाठी दिवा लावला, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी लावला, सगळ्यांसाठी प्रार्थना केली. आणि माझ्या पोराला तेवढं वगळलं. गाव बघत होतं ना?"

मी तिची शाल सारखी केली.

"आणि आज. पोराच्या तिसाव्याला म्हातारी सहलीला गेली. नटूनथटून. बदकांना पाव घालायला." मग एकदम माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "त्या जर्मन बाईकडे माझा फोटो आहे, सांतिना. हसतानाचा. ती घरी जाऊन सगळ्यांना दाखवेल."

तेव्हा मात्र ती रडली. इआनो गेला हे कळल्यावर नाही, त्या फोटोवरून. आणि मी पण. पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा पुढे बघत बसला.

चौकात बस थांबली तर कोर्रादो उभा. काखेत कागदांची गुंडाळी, चेहऱ्यावर विजय. मला डोळ्याने खुणावतोय की एकही उरला नाही, सगळं साफ. मग त्याला आईच्या डोक्यावरची काळी शाल दिसली.

"दाखव," आई म्हणाली.

त्याने गुंडाळी मागे लपवली. एवढा मोठा माणूस!

"कोर्रादो, दाखव."

तिने उलगडून पाहिलं. पालखी खांद्यावर घेतलेला इआनो. कोपरा फाटला होता, तो तिने अंगठ्याने सरळ केला. "सगळे परत लाव. आज रात्रीच्या आत. आणि एक आपल्या दाराला." कोर्रादोची दुखरी कंबर कुठे गेली कुणास ठाऊक, पळतच सुटला खळीची बादली आणायला.

मिस्सा सुरू झाली होती. चर्च भरलेलं, असुंता. ज्यांना आपण गप्प राहायला सांगितलं होतं ते सगळे तिथे होते, आणि पहिला बाक त्यांनी मोकळा ठेवला होता. कोण येऊन बसणार म्हणून ठेवला होता, ते त्यांनाच माहीत. आई चांगले बूट वाजवत मधल्या वाटेने गेली आणि तिथे बसली. पाद्रीबाबा थांबले. आणि मग त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा म्हटलं, इआनोच्या नावापासून. यावेळी हळूच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाली रश्श्याचं पातेलं घेऊन आली. मग शेजारची दोन्ना नेला, मग मंडळाच्या बायका, सगळ्या काळ्यात. दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून जेवण घेऊन आल्या, तिसाव्यानंतर. आणि आईभोवती बसून अशा रडल्या की जणू तार आत्ताच आली. एकीनेही "आम्हाला आधीच" असा शब्द काढला नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत दोन्ना नेला म्हणाली, "आता तूही रड, बाई. थकलीस." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेले. मला वाटतं घोरलेसुद्धा.

आता ते सांगते, जे सांगायचं टाळत इतकं लिहिलं.

त्या रविवारी तू फोन केलास तेव्हा खोलीत बायका बसल्या होत्या. टीव्हीवर चादर टाकलेली, दार अर्धं लावलेलं. मी उचलायला धावले, पण आईने आधी उचलला. मी म्हटलं, आता असुंताची खैर नाही.

आई म्हणाली, "हो बाई, बरी आहे. ... इआनोचा आला होता? ... कुठून? ... सिंगापूर? तिकडे पाऊस असतो ना गं? ... गरम कपडे घाल म्हणावं. ... बरं. बरं." तू काय काय सांगत होतीस, आणि ती काळ्या कपड्यांत, कागद लावलेल्या दाराच्या आत उभी राहून मान हलवत होती. फोन ठेवून ती वळली आणि म्हणाली, "असुंताला कुणी काही सांगायचं नाही."

मला वाटलं, ही तुला शिक्षा देतेय. म्हणत असेल, मला महिनाभर फसवलं, आता तिलाही बोलू दे खोटं, मी ऐकते. आणि खोटं कशाला बोलू, मला जरा बरंही वाटलं. म्हटलं, भोगू दे थोडं ऑस्ट्रेलियालाही.

पण मागच्या रविवारी ती सकाळपासून फोनजवळ खुर्ची ओढून बसली. केस नीट बांधून. मला बोलू देईना, लाइन अडकते म्हणे, जणू माझ्या बोलण्याने तार भरते. तुझा फोन आला तसे तिने एकामागून एक प्रश्न विचारले. जेवतो का, सुटलाय का, तिकडचा समुद्र कसा, दाढी वाढवलीय का. तू सांगितलंस की तो जाड झालाय आणि कामावर गात असतो. फोन ठेवल्यावर ती दोन्ना नेलाला म्हणाली, "जाड झालाय म्हणे." आणि हसली. शपथेवर सांगते, त्या जर्मन बाईच्या फोटोत हसली होती तशीच.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "मा, हे पुरे आता. मी असुंताला लिहिते."

तर माझा हात धरून म्हणाली, "नको गं. इथून तो गेला. जेनोव्हातून गेला. असुंताकडे तो अजून आहे. तिला सांगितलंस, तर तिथूनही जाईल."

मी तिला शब्द दिला आणि आज तो मोडतेय. कारण त्याच फोनवर तू म्हणालीस की नाताळचं जमत नाही, ईस्टरला येते. म्हणजे ईस्टरपर्यंत तू बोलत राहणार आणि ती बसून राहणार, आणि त्या दोघींच्या मध्ये मी उभी राहणार. माझ्याने होत नाही, असुंता. आधी तुझं खोटं सांभाळलं, मग खरं मीच सांगितलं, आता तिचं खोटं सांभाळू? इआनो माझाही भाऊ होता. मला तो एकदा पुरता मेलेला हवाय, म्हणजे त्याच्यासाठी नीट रडता येईल.

आता तुला माहीत झालं. हे पत्र पोचेल त्यानंतरच्या रविवारी फोन तीच उचलेल आणि तीच विचारेल, इआनोचा आला होता का. काय सांगायचं ते तू ठरव. मी शेजारी उभी राहणार नाही, शेताकडे जाईन. जे सांगशील त्याबद्दल तुला कधी बोल लावणार नाही, एवढं वचन देते.

फक्त एक कर. ईस्टर नको, नाताळलाच ये. काळं घालून ये, आणि कुणाची खुशाली घेऊन येऊ नकोस. तूच ये.

तुझी,
घरी राहिलेली
सांतिना